शेवटच्या पिल्लाचा सांभाळ : लव्हबर्डच्या मोठ्या विणीचा इतिहास

आफ्रिका खंडात आणि मादागास्कर बेटावर आढळणाऱ्या, आखूड शेपटीच्या, माणसाच्या मुठीत मावतील एवढ्या लहान पोपटांच्या गटाला लव्हबर्ड म्हणतात. प्रिडो जॉन सेल्बी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८३६ मध्ये या गटासाठी अ‍ॅगापोर्निस ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि आज तिच्यात नऊ जाती मानल्या जातात. महाराष्ट्रातील पक्षिबाजारात लव्हबर्ड या नावाने जे लांब शेपटीचे, रंगीबेरंगी पक्षी विकले जातात ते बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. त्यांचा इतिहास वेगळा असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे. आफ्रिकी लव्हबर्ड मात्र गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जंगलातून पकडून विकण्याच्या वस्तूपासून पिंजऱ्यात जन्मणाऱ्या पक्ष्यापर्यंत आला, आणि या प्रवासात पिल्लांच्या संगोपनाची एक पद्धतच उभी राहिली. एका विणीत सहा, सात किंवा आठ पिल्ले निघाली तर त्यांतील सर्वांत धाकटे जगवायचे की नाही, आणि जगवायचे तर कोणी, हा या पद्धतीतील सर्वांत कठीण प्रश्न होता व आजही आहे.

हा प्रश्न का उद्भवतो हे समजण्यासाठी या पक्ष्याच्या विणीची रीत पाहावी लागते. मादी एकाच दिवशी सगळी अंडी घालत नाही. साधारणतः एक दिवसाआड एक याप्रमाणे ती चार ते सहा अंडी घालते, आणि पिंजऱ्यात खाद्याची ददात नसल्यास ही संख्या वाढू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते, त्यामुळे सुरुवातीची अंडी आधी पिकतात आणि सुमारे तेवीस दिवसांनी पिल्ले बाहेर पडू लागतात ती एकदम न पडता एकामागून एक पडतात. सहा अंड्यांच्या विणीत पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात आठवड्याभराचे अंतर सहज पडते. जन्मतः तीन-चार ग्रॅम वजनाचे, डोळे मिटलेले, अंगावर विरळ नारिंगी लव असलेले पिल्लू ज्या घरट्यात येते, तेथे त्याच्या थोरल्या भावंडाचे डोळे उघडायच्या बेतात असतात आणि वजन कैक पटींनी वाढलेले असते. अंडी मादी एकटीच उबवते. नर तिला पेटीच्या तोंडाशी येऊन चोचीतून खाद्य भरवतो आणि तेच खाद्य अर्धवट पचवून मादी पिल्लांना देते. मान वर करून, जोराने डोके हलवत जे पिल्लू मागते त्याला प्रथम मिळते. मोठ्या विणीत धाकटे पिल्लू मोठ्यांच्या अंगाखाली दबून उबेत राहते खरे, पण खाद्याच्या वाटणीत ते मागे पडते, आणि एकदा मागे पडलेल्या पिल्लाची मागण्याची ताकदही घटत जाते.

निसर्गात या विषम जन्मक्रमाला काही अर्थ असतो, असे पक्षिशास्त्रज्ञ मानतात. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड, ज्याची जात व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये नोंदवली, तो नामिबिया, अंगोलाचा नैऋत्य भाग आणि दक्षिण आफ्रिकेचा वायव्य कोपरा अशा कोरड्या मुलखात राहतो. तेथे पाऊस बेभरवशाचा आणि गवताचे बी त्याहून बेभरवशाचे असल्याने जोडपे खडकांच्या कपारीत किंवा समूहाने राहणाऱ्या सुगरण पक्ष्यांच्या अवाढव्य सामायिक घरट्यांतील एखाद्या कोठडीत वीण करते. चांगल्या वर्षी सगळी पिल्ले वाढतात, आणि वाईट वर्षी थोरल्या दोन-तीन पिल्लांना पुरेल एवढेच खाद्य मिळून उरलेली लवकर मरतात, म्हणजे निदान काही पिल्ले तरी जगतात. धाकटे पिल्लू ही त्या वर्षीच्या पावसावर लावलेली पैज असते. पिंजऱ्यात पाऊस नसतो, दुष्काळही नसतो. धान्याची वाटी रोज भरलेली असते आणि तरीही धाकटे पिल्लू मागे पडते, कारण आईबापांचे शरीर व सवय त्या जुन्या मुलखासाठीच घडलेली आहे. हा विरोध ज्या पक्षिपालकांनी प्रथम ओळखला त्यांच्यापासून या संगोपनाच्या इतिहासाची खरी सुरुवात होते.

त्याआधीचा काळ पकडण्याचा होता. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लाल चेहऱ्याचा लव्हबर्ड युरोपला बराच आधी माहीत होता आणि लिनीयसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. या जातीला घरी वीण करायला लावणे जवळजवळ अशक्य ठरले, कारण ती झाडावरील वाळवीच्या वारुळात बोगदा कोरून अंडी घालते आणि लाकडी पेटीकडे पाहतही नाही. पुढे काही पक्षिपालकांनी बुचाच्या सालीसारखी पोखरता येणारी सामग्री पेटीत ठोकून भरली तेव्हा कुठे थोडे यश मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हणून लव्हबर्ड हा जहाजातून येणारा, पिंजऱ्यात काही महिने वा वर्षे टिकणारा आणि मेल्यावर दुसरा आणायचा असा पक्षी होता. गुलाबी चेहऱ्याच्या जातीने हे चित्र बदलले. हॅम्बुर्गचे प्राणिव्यापारी हागेनबेक यांच्यामार्फत १८६० च्या सुमारास ती युरोपात आली, आणि १८६९ मध्ये बर्लिनमध्ये आल्फ्रेड ब्रेम यांच्या देखरेखीखाली तिची वीण झाल्याची नोंद पक्षिपालनाच्या ग्रंथांत दिली जाते. ब्रेम हे प्राणिजीवनावरील बहुखंडी ग्रंथामुळे जर्मनभाषक वाचकांत प्रसिद्ध होते, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये उघडलेल्या मत्स्यालयाचे ते प्रमुख होते. या मत्स्यालयात मासळीबरोबर पक्षीही ठेवले जात.

त्यानंतरच्या तीन दशकांत पक्षिपालन हा हौसेचा आणि अभ्यासाचा विषय झाला. कार्ल रूस यांनी १८७२ मध्ये जर्मनीत पिंजऱ्यातील पक्ष्यांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले, तर इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये एव्हिकल्चरल सोसायटी ही संस्था स्थापन होऊन तिचे मासिकही निघू लागले. विणीच्या बारीक नोंदी येथे प्रथम छापल्या जाऊ लागल्या : अंडी किती, कोणत्या तारखेला, पिल्ले किती, किती मेली. या नोंदींचे महत्त्व त्या काळी वाटले त्याहून मोठे आहे. जंगलात घरटे पाहणारा प्रवासी एका दिवसाची नोंद करू शके. पिंजऱ्याजवळ बसणारा हौशी पालक मात्र महिनाभर दररोज पेटीचे झाकण उचलून पाही, आणि पिल्लांच्या वाढीचा क्रम, पिसे फुटण्याचे दिवस, थोरल्या-धाकट्यांतील तफावत यांचे ज्ञान त्याच्याकडून आले.

तरीही व्यापाराचा वेग वीण शिकण्याच्या वेगापेक्षा फार मोठा होता. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या चार जातींपैकी फिशरचा आणि काळ्या डोक्याचा अशा दोन जातींचे वर्णन राइखेनोव्ह या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये केले होते. याच गटातील काळ्या गालांच्या जातीचे वर्णन १९०६ मध्ये झाले. ही जात आजच्या झांबियाच्या नैऋत्येकडील मोपाने वृक्षांच्या एका छोट्या पट्ट्यातच राहते, तिला रोज पाणी लागते, म्हणून कोरड्या ऋतूत उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर तिचे थवे एकवटतात आणि तेथे जाळे लावणाऱ्याला ती सहज सापडते. १९२९ मध्ये अवघ्या चार आठवड्यांत या जातीचे सोळा हजार पक्षी पकडले गेले. १९९० च्या दशकातील पाहणीत तिची साऱ्या मुलखातील संख्या दहा हजारांच्या आसपास भरली, म्हणजे एका महिन्यात जेवढे पक्षी जाळ्यात गेले तेवढेही पुढे त्या जातीत उरले नाहीत. पाणवठ्यांचे आटणे आणि पिकांचा बदलता नकाशा यांचाही तिच्या ऱ्हासात वाटा आहे, परंतु त्या चार आठवड्यांची भरपाई झाली असे म्हणता येत नाही. या व्यापाराची बाजू घेणारे लोक पिंजऱ्यातील वीण हा त्यावरचा उपाय असल्याचे नेहमी सांगत. १९२९ मध्ये मात्र पकडलेला पक्षी घरी वाढवलेल्या पक्ष्यापेक्षा इतका स्वस्त होता की पिल्लाच्या मागे कष्ट घेण्याचे कारणच व्यापाऱ्याला नव्हते.

हे कारण निर्माण केले ते एका रोगाने. १९२९-३० च्या हिवाळ्यात पोपटज्वर हा रोग अनेक देशांत एकाच वेळी उद्भवला. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांच्या धुळीतील जंतूंमुळे माणसाच्या फुप्फुसांना जडणारा हा विकार होता, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांशी त्याचा संबंध जोडला गेला. अमेरिकेने जानेवारी १९३० मध्ये आणि ब्रिटनने त्याच वर्षी पोपटांच्या आयातीवर निर्बंध घातले. आफ्रिकेतील लव्हबर्डांचा या साथीशी थेट संबंध नव्हता, पण बंदी सर्व पोपटांना लागू होती. जहाजांची वाट बंद झाल्यावर ज्यांच्याकडे जोड्या होत्या त्यांच्या पेट्यांतील पिल्लांना एकाएकी किंमत आली, आणि घरातील पक्षी टिकवायचे तर त्यांची वीण यशस्वी करण्यावाचून दुसरा मार्ग राहिला नाही. पकडण्याकडून वाढवण्याकडे झालेले हे वळण करुणेतून आले नव्हते, सार्वजनिक आरोग्याच्या भीतीतून आले होते. तरी त्याचे फळ चांगले निघाले असे मानायला हरकत नाही.

यानंतरच्या काही दशकांत मोठी वीण सांभाळण्याची जी रीत बसली तिचा पाया अगदी साधा होता. पहिली गोष्ट म्हणजे पेटी. लव्हबर्डची मादी ओल्या साली, झावळ्यांच्या पट्ट्या, वाळा किंवा विलोसारख्या झाडांच्या कोवळ्या काटक्या चोचीने सोलून आत नेते, त्यामुळे घरट्यात ओलसरपणा राहतो आणि अंड्याचे कवच आतून कोरडे पडत नाही, असे पालकांच्या ध्यानात आले व हिरव्या फांद्या पुरवणे हा नियम झाला. घरट्याचा तळ गुळगुळीत असेल तर जड होत चाललेल्या पिल्लांचे पाय बाजूंना फाकतात आणि तसेच घट्ट होतात, म्हणून तळाशी लाकडाचा भुसा किंवा सालीचा थर हवा, हेही शिकले गेले. पाय फाकलेल्या पिल्लाला लहानपणीच दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून ठेवल्यास ते बहुधा सरळ चालू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे पिल्लांची अदलाबदल. एकापेक्षा अधिक जोड्या एकाच सुमारास विणीला बसवल्या तर सात पिल्लांच्या घरट्यातील दोन धाकटी पिल्ले तीन पिल्लांच्या घरट्यात, साधारण त्यांच्याच आकाराच्या पिल्लांत ठेवता येतात, आणि लव्हबर्डची मादी परके पिल्लू बहुतेक वेळा आपले मानून भरवते. मोठ्या विणीवरचा हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय आहे, कारण त्यात धाकट्याला आई मिळते आणि माणसाला केवळ हिशेब ठेवावा लागतो.

हिशेबाला आणखी एक कारण होते. गुलाबी चेहऱ्याच्या आणि डोळ्यांभोवती कडे असलेल्या जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात, म्हणून पुष्कळदा दोन माद्यांचीच जोडी लावली जाई. त्या दोघी एकाच पेटीत अंडी घालत आणि आठ-दहा अंड्यांचा ढीग पाहून नवखा पालक हरखून जाई, पण त्यांतले एकही अंडे फलित नसे. जनुकीय तपासणीने लिंग ओळखण्याची सोय सर्वत्र झाल्यावर हा घोटाळा कमी झाला. याउलट खऱ्या जोडीतील मादी वरचेवर वीण करू लागली की तिच्या शरीरातील कॅल्शियम संपत जाते, अंडे अडकून ती मरते, किंवा पुढच्या विणीच्या घाईत ती आधीच्या पिल्लांच्या पाठीची पिसे उपटते. अनुभवी पालक म्हणून वर्षात दोन, फार तर तीन विणींनंतर पेटी काढून ठेवतात. मोठ्या विणीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या मर्यादेकडे दुर्लक्ष केल्याने किती माद्या गेल्या याची नोंद कोणी ठेवलेली नाही, आणि या हौसेच्या इतिहासातील ही एक दुःखद पोकळी आहे.

घरट्याच्या या निरीक्षणातून शास्त्रालाही मोठा लाभ झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी १९५० च्या दशकापासून लव्हबर्डांच्या अनेक जाती पाळून त्यांच्या वर्तनाचा तुलनात्मक अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो सर्वसामान्य वाचकांसाठी प्रसिद्ध केला. गुलाबी चेहऱ्याची मादी सालीच्या वा कागदाच्या लांब पट्ट्या कातरून कमरेवरच्या पिसांत खोवते आणि तशीच उडत पेटीत नेते. फिशरची मादी मात्र एकेक पट्टी चोचीत धरून नेते. डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर घडवला तेव्हा संकरित माद्या पट्ट्या पिसांत खोवू पाहत, पण त्या नीट अडकत नसत, गळून पडत, आणि चोचीतून नेण्याची रीत पुरेशी रुळायला त्यांना सुमारे तीन वर्षे लागली. त्यानंतरही खोवण्याची हालचाल पूर्णपणे गेली नाही. जन्मजात वर्तनात वारसा आणि अनुभव कसे गुंतलेले असतात हे दाखवणारे उदाहरण म्हणून हा प्रयोग पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. संगोपनाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट ठळक होते : घरटे बांधणे आणि पिल्ले वाढवणे यांचा पुष्कळसा भाग मादीच्या अंगातच असतो, म्हणून तिच्या कामात माणसाने हात घालण्यापूर्वी थांबून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

माणूस थांबला नाही याचे एक कारण रंग होते. लव्हबर्डांतील सर्वांत जुना ज्ञात रंगबदल काळ्या डोक्याच्या जातीतील निळा; तो १९२० च्या दशकात जंगली पक्ष्यांतच सापडला आणि तेथून युरोपातील पिंजऱ्यांत आला. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत निळसर छटा १९६३ मध्ये नेदरलँड्समध्ये, तर पिवळ्या अंगाचा व लाल डोळ्यांचा ल्युटिनो हा प्रकार १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात आला. अशा रंगांचे गुण बहुधा सुप्त असतात, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून तो गुण आला तरच पिल्लात तो रंग दिसतो. ल्युटिनोसारखे काही गुण लिंगाशी जोडलेले असतात. परिणामी एका विणीत किती पिल्ले निघतात यावर हवा तो रंग मिळण्याची शक्यता ठरते, आणि सर्वांत शेवटी निघालेले, सर्वांत अशक्त पिल्लूच नेमके दुर्मीळ रंगाचे असू शकते. ज्या पिल्लाला निसर्गाने दुय्यम ठरवले होते ते बाजाराने अव्वल ठरवले, आणि त्याला पेटीतून काढून हातावर भरवण्याची प्रथा या काळात वेगाने पसरली.

हातावर भरवणे म्हणजे आईच्या चोचीचे काम चमच्याने करणे. त्याचे तंत्र ऐकायला सोपे आणि करायला कठीण आहे. पिल्लाच्या गळ्याखाली अन्नपुट असते, म्हणजे गिळलेले अन्न काही काळ साठवून हळूहळू पोटात सोडणारी पिशवी; पातळ कातडीतून ती भरलेली वा रिकामी आहे हे स्पष्ट दिसते, आणि तिच्याकडे पाहूनच पुढचे भरवणे ठरवायचे असते. पालक चमच्याच्या दोन्ही कडा आत वाकवून त्याला पन्हळीचा आकार देतो, पिल्लाला ऊबदार कापडावर ठेवून त्याच्या डोक्याला मागून बोटांनी आधार देतो, आणि चमचा चोचीच्या कडेला टेकवताच पिल्लू डोके वरखाली जोरात हलवत अन्न ओढून घेते. हे डोके हलवणे थांबले की चमचा लगेच दूर करायचा, कारण गिळण्याच्या हालचालीशिवाय तोंडात गेलेले अन्न श्वासनळीत उतरून पिल्लाचा जीव जातो. अन्न चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास गरम हवे : थंड अन्न अन्नपुटात तुंबून आंबते, तर फार गरम अन्नाने, विशेषतः मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर नीट न ढवळलेल्या अन्नाने, अन्नपुट आतून भाजते आणि ती जखम दिसायला काही दिवस लागतात. अगदी लहान पिल्लाला साधारण दर दोन तासांनी भरवावे लागते, तीन आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा पुरते. उघड्या अंगाच्या पिल्लाला सुमारे पस्तीस अंशांची ऊब लागते आणि पिसांच्या नळ्या फुटू लागल्या की ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. मोठी वीण हातावर असली की हे सारे सहा-सात पिल्लांसाठी, सहा-सात वेगवेगळ्या वयांनुसार करावे लागते. म्हणून प्रत्येकाचे वजन रोज सकाळी, अन्नपुट रिकामे असताना करून लिहून ठेवणे ही या कामातील सर्वांत महत्त्वाची शिस्त होय. वजन एक दिवस वाढले नाही तर काळजी घ्यायची, आणि घटले तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे.

भरवायचे काय, हा प्रश्न बराच काळ अंदाजाने सोडवला जाई. जुने पालक दुधात भिजवलेला पाव, मऊ शिजवलेली भरड, उकडलेले अंडे देत, काही जण धान्य स्वतः चावून तोंडाने भरवत; नंतर बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या धान्यपिठांचा आणि माकडांसाठी तयार होणाऱ्या खाद्याच्या चुऱ्याचा उपयोग झाला. काही पिल्ले जगत, बरीच मरत, आणि का मेली हे कळत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी या अंधारात पद्धतशीर उजेड पाडला. टॉम राउडीबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील कॉकटील या छोट्या पोपटाच्या पिल्लांना निरनिराळ्या प्रमाणात प्रथिने व पाणी असलेले अन्न देऊन त्यांची वाढ मोजली आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : अन्नात सुमारे वीस टक्के प्रथिने असली की वाढ सर्वांत चांगली होते, आणि पहिल्या दिवसांत अन्न अतिशय पातळ असावे लागते, नंतर ते घट्ट करता येते. तयार भरवणीचे पीठ डब्यांत मिळू लागले ते या संशोधनाच्या पाठबळावर, आणि धाकट्या पिल्लाच्या मृत्यूचे प्रमाण खाली आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

त्याच प्रयोगशाळेने या यशाची दुसरी बाजूही दाखवली, हे तिच्या कामाचे विशेष. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातावर वाढलेल्या आणि आईबापांनी वाढवलेल्या कॉकटीलांच्या पुढील विणीची तुलना झाली. हातावर वाढलेल्या नरांच्या जोड्यांत फलित अंडी कमी निघाली, आणि तशा माद्या अंडी अधिक घालत असल्या तरी ती बरेचदा पेटीबाहेर, पिंजऱ्याच्या जमिनीवर घालत. पुढे अ‍ॅमेझॉन पोपटांवरील अभ्यासांत असे दिसले की पिल्ले घरट्यात आईबापांजवळच ठेवून रोज थोडा वेळ हाताळली तरी ती माणसाळतात. माणसाळलेले पिल्लू हवे म्हणून ते लवकर काढून घ्यावेच लागते, ही समजूत यामुळे ढिली पडली. नेदरलँड्सने २०१४ पासून पोपटवर्गीय पिल्लांना ठरावीक वयाआधी आईबापांपासून वेगळे करण्यास मनाई केली आहे. लव्हबर्डच्या बाबतीत विवेक असा दिसतो की चार-पाच पिल्लांची वीण सुदृढ जोडीकडेच सोपवावी, सहावे-सातवे पिल्लू मागे पडू लागल्यास प्रथम दुसरे घरटे शोधावे, आणि तेही नसेल तर थोरली दोन-तीन पिल्ले काढून हातावर घ्यावीत. ती वाढलेली असतात, चमच्याला चटकन लागतात आणि घरट्यात धाकट्यासाठी आईची ऊब व चोच मोकळी होते. नवखे पालक नेमके उलट करतात, सर्वांत लहान पिल्लू उचलतात आणि ते गमावतात.

जंगली पक्ष्यांचा व्यापार मात्र १९३० च्या बंदीनंतर पुन्हा सुरू झाला होता. उत्तर टांझानियातील फिशरचा लव्हबर्ड १९८७ मध्ये जगात सर्वाधिक व्यापार होणारा जंगली पक्षी ठरला. जवळजवळ सर्व पोपटांप्रमाणे त्याला १९८१ पासूनच सायटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याने नियंत्रित व्यापाराच्या यादीत, स्थान होते. तरी जंगलातील संख्या घटल्यावर अखेर टांझानियाला निर्यात थांबवावी लागली. अमेरिकेने १९९२ मध्ये कायद्याने आणि युरोपीय संघाने बर्ड फ्लूच्या भीतीने २००५ मध्ये तात्पुरती व २००७ पासून कायमची जंगली पक्ष्यांची आयात बंद केली. गुलाबी चेहऱ्याची जात २००५ मध्ये सायटिसच्या यादीतून वगळली गेली, कारण बाजारात येणारे तिचे पक्षी जवळजवळ सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले होते. पेटीत जन्मलेला पक्षी ओळखण्याची खूण म्हणजे पायातली सलग कडी. पिल्लू आठ-दहा दिवसांचे असताना त्याचा पंजा मुडपून ती आत सरकवतात आणि पाय वाढल्यावर ती न कापता काढता येत नाही. मोठ्या विणीत हे कडीचे कामही एका दिवशी उरकता येत नाही, पिल्लांच्या वयानुसार दोन-तीनदा पेटी उघडावी लागते.

भारतात पोपट पाळण्याची परंपरा फार जुनी. पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही कामसूत्रातील चौसष्ट कलांपैकी एक होती. घरट्यातून काढलेले कंठवाल्या पोपटाचे पिल्लू डाळीच्या वा सातूच्या पिठावर वाढवण्याची रीत महाराष्ट्रासह देशभर होती. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये पूर्ण बंदी आली आणि परदेशी पक्ष्यांची मागणी वाढली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून लहान शहरांतील दुकानांपर्यंत लव्हबर्ड दिसू लागला तो या पार्श्वभूमीवर. जुन्या रीतीचा हातही या नव्या पक्ष्याकडे वळला, पण पोपटाच्या पिल्लाला मानवलेले डाळीचे पीठ लव्हबर्डच्या इवल्या अन्नपुटात घट्ट बसते, आणि पावसाळ्यात ओलसर धान्यावर आलेली बुरशी आईच्या चोचीतून पिल्लांपर्यंत जाते. कोकणात व मुंबईत जून ते सप्टेंबर पेटी काढून ठेवावी असे जाणते पालक सांगतात त्यामागे हे कारण आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सायटिसच्या यादीतील परदेशी प्राणीही चौथ्या अनुसूचीत आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी आणि त्यांच्या जन्म-मृत्यूची माहिती वन विभागाला ऑनलाइन कळवणे बंधनकारक झाले. फिशरच्या किंवा काळ्या डोक्याच्या लव्हबर्डच्या पेटीत सात पिल्ले निघाली तर सातांची नोंद करावी लागते, आणि त्यांतले एक मेले तर तेही कळवावे लागते. गुलाबी चेहऱ्याची जात सायटिसच्या यादीबाहेर असल्याने तिला ही अट लागत नाही. यादीतील व यादीबाहेरील पक्षी आणि त्यांचे संकर एकाच पिंजऱ्यात ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना आता जाती वेगळ्या राखाव्या लागतील आणि अंड्याची तारीख, पिल्लाचे वजन व कडीचा क्रमांक वहीत उतरवावा लागेल. दीडशे वर्षांपूर्वी बर्लिन-लंडनमधील हौशी पालकांनी ज्या नोंदी स्वेच्छेने ठेवल्या त्या आता कायद्याने मागितल्या जात आहेत, आणि पेटीत मेलेले पिल्लू कशाने मेले याची माहिती महाराष्ट्रात पहिल्यांदाच एका ठिकाणी जमा होण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली आहे.